वेळेचा खून

आमच्या पेशकारसाहेबांना इंग्रजीतला एकच वाक्प्रचार येत होता. तो त्यांनी आयुष्यभर वापरला आणि शेवटी त्याच्यापायी नोकरी घालवली. भरपूर इंग्रजी येणाऱ्यांचंही यापेक्षा फार बरं झालेलं मी पाहिलेलं नाही.

पेशकार म्हणजे तहसीलदारांपुढं मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, ठेवणारा माणूस. आज कुणाची पेशी, म्हणजे सुनावणी, कुणाचा कागद वर, कुणाचा खाली, हे सगळं त्याच्या हातात. आमचा तालुका आळंदच्या पलीकडं होता. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्या कचेरीत अजूनही माणसं बसलेली असतील. राज्य निजामाचं, दफ्तर उर्दूत, रयत मराठीत आणि कानडीत, शिव्या दखनीत. सुट्टी शुक्रवारी. मी तिथं नकलनवीस म्हणून लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. डोक्यावर नवी रूमी टोपी होती आणि अंगात दुसऱ्याची शेरवानी.

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी नकला संपवून मी खिडकीशी कडुनिंबाची काडी सोलत बसलो होतो. मागून आवाज आला, "मुन्शीजी, काय करायलाव?"

"काही न्हाई, साहेब."

"काही न्हाई कसं? खून करायलाव की."

मी काडी टाकून ताडकन उभा राहिलो. समोर उंच, काटकुळे, पिकल्या मिशांचे पेशकारसाहेब. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही. "वेळेचा खून," ते म्हणाले. "किल्लिंग टैम म्हंतेत त्याला इंग्रजीत. दफा-कलम लागत न्हाई म्हणून कुणीबी उठतंय अन् करतंय." मग त्यांनी एक फाटकी मिसल आणि सुईदोरा माझ्यापुढं ठेवला. "शिवा."

मी शिवली. पुढची कित्येक वर्षं मी त्या कचेरीतल्या मिसली शिवल्या. आजही आमच्या घरातली बटणं मीच लावतो.

हा वाक्प्रचार त्यांना गुलबर्ग्याच्या स्टेशनावर सापडला होता. तरुणपणी ते कुठल्याशा कागदावर सही घ्यायला एका इंग्रज इंजिनियराकडं गेले होते. गाडीला तीन तास उशीर होता. साहेब वेटिंग रूममध्ये टेबलावर एकटाच पत्ते मांडत बसला होता. एकटा माणूस पत्ते कुणाशी खेळतो, हे पेशकारसाहेबांना कळेना. त्यांनी धीर करून विचारलं, "व्हॉट डुइंग, सर?" साहेबानं मान वर न करता उत्तर दिलं. त्याचा अर्थ स्टेशनातल्या तिकीटबाबूनं सांगितला तेव्हा ह्यांच्या हातातला कागद खाली पडला.

"मानूस कोंबडं मारतंय, ते खायाला मारतंय," ते मला सांगायचे. "साप मारतंय, कारण भ्यालेलं असतंय. वेळेनं त्या साहेबाचं काय वाकडं केलं व्हतं?"

"इंग्रजांची बोलायची रीत असेल, साहेब."

"रीत न्हाई, मुन्शीजी. कबुलीजबाब हाय त्यो. खरं बोलला बिचारा. आपले लोक बी तेच करतेत, अन् विचारलं की म्हंतेत, बसलोय जरा."

तेव्हापासून रिकामं बसलेलं माणूस दिसलं की त्यांना चैन पडत नसे. स्वतः तर ते कधी रिकामे दिसलेच नाहीत. आंघोळ करताना अडीचकी आणि औटकीचे पाढे म्हणायचे. कचेरीकडं चालत येताना वाटेतले बाभळीचे काटे उचलून कुंपणाला खोचत यायचे. त्यांच्या घरी पाहुणा गेला की पाण्याच्या तांब्याबरोबर तुरीचं सूप यायचं. बोला, पण खडे निवडत बोला. गावातल्या लोकांनी हळूहळू त्यांच्याकडं जाणं सोडलं, आणि त्यामुळं आपला बराच वेळ वाचला असं पेशकारसाहेबांचं मत होतं.

त्यांच्या मुलीला बघायला अक्कलकोटाकडून मंडळी आली तेव्हाची गोष्ट तालुकाभर सांगत. पोहे येईपर्यंत ह्यांनी मुलाच्या बापापुढं सूप सरकवलं. बाप भडकला. "आम्ही मुलगी बघायला आलोय, मोलमजुरीला न्हाई," म्हणून उठलाच. मुलगा मात्र जागचा हलला नाही. त्यानं मुकाट्यानं सूप पुढं ओढलं आणि अर्धं निवडून टाकलं. पेशकारसाहेबांनी त्या सुपात बोट फिरवून पाहिलं. एक खडा सापडला नाही. लग्न तिथंच ठरलं. मुलीला विचारायचं राहिलं, पण तेव्हा ते सगळ्यांच्याच घरात राहायचं.

शेजारचे एक म्हातारे वारले. थोरला मुलगा सोलापुराहून यायचा होता, त्यामुळं मयत दुपारपर्यंत ठेवायची होती. अंगणात पंधरा-वीस पुरुष गुडघ्याला मिठी मारून बसले. पेशकारसाहेबांनी थोडा वेळ कसाबसा धीर धरला. मग त्यांची नजर गोठ्यावर गेली. छपराच्या तुराट्या उडून गेल्या होत्या. मुलगा गाडीतून उतरून रडत रडत घरात शिरला तेव्हा बापाच्या मयतीला जमलेली माणसं गोठ्यावर चढून छप्पर शाकारत होती, आणि पेशकारसाहेब खालून तुराट्यांच्या पेंढ्या फेकत होते. ती विधवा बाई पुढं पावसाळ्यात म्हणायची, "मालक गेले, पन गोठा कोरडा ऱ्हायला बगा."

त्यांच्या बायकोला सगळे आक्का म्हणत. आक्कांनी हे सगळं केव्हाच पचवलं होतं. "ह्यांच्या घरात देव तेवढा बसलेला असतोय," त्या म्हणायच्या. "त्येलाबी दिव्याची राखण दिलीया."

आता कचेरीच्या व्हरांड्याकडं येतो. खरी गोष्ट तिथली आहे.

आमच्या व्हरांड्यात रोज तीस-चाळीस माणसं बसलेली असायची. बांधाची भांडणं, वारसाची नावं, पट्ट्याच्या तक्रारी. पेशी सकाळची म्हणून पहाटे गावाहून निघायचं, भाकरी बांधून आणायची, आणि चपराशी नाव पुकारील म्हणून दिवेलागणीपर्यंत कान टवकारून बसायचं. बहुतेकांचं नाव पुकारलं जात नसे. संध्याकाळी चपराशी ओरडायचा, "चलो, बाकी के कल!" की सगळे धोतर झटकून उठायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

इतकी माणसं एका ठिकाणी बसून वेळेचा खून करताहेत, हे पेशकारसाहेबांना बघवेना. त्यांनी आपल्या शेतातल्या अंबाडीचा वाख आणून व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवला, आणि बसलेल्या माणसांना ते गोड बोलून देऊ लागले. "बसलावच हाय तर दोर वळा. वळलेला दोर तुमचा. घरला घेऊन जावा. बैलाला व्हईल, मोटंला व्हईल."

लोकांनी लगेच हात लावला. दोर वळायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. शेजारी बसलेला आपला वैरी असला तरी दुसरं टोक त्याच्याच हातात द्यावं लागायचं. बांधावरून एकमेकांची डोकी फोडलेले दोघं सख्खे भाऊ एकदा चार दिवस समोरासमोर उभे राहून पीळ देत होते. एकानं सैल सोडलं की दुसरा म्हणायचा, "वढ की लेका!" पाचव्या दिवशी त्यांनी मिसल काढून घेतली. त्यांच्या वकिलानं कपाळावर हात मारला. पेशकारसाहेबांना त्या समेटाचं काही कौतुक नव्हतं. त्यांनी दोर हातात घेऊन ताणून बघितला आणि म्हणाले, "मधी जरा कच्चा हाय."

एकच गोष्ट त्यांना उमगत नव्हती. वळलेला दोर कुणी घरी नेत नसे. संध्याकाळी उठताना माणसं दोराची वेटोळी नीट कोपऱ्यात रचून, वर हात जोडून जायची. ढीग वाढला की साहेब तो कोंडवाड्याला, नाही तर गावच्या विहिरीला पाठवून द्यायचे. "दिलदार लोक हायेत आपल्याकडं," ते म्हणायचे. "घाम गाळतेत अन् गावाला देऊन जातेत." हे म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे. मलाही ते खरंच वाटत होतं.

असं दोनएक वर्षं चाललं. मग एक दिवस गुलबर्ग्याला निनावी अर्ज गेला. आमच्या कचेरीचा पेशकार रयतेकडून बेगार घेतो, असा.

बेगार म्हणजे वेठ. पाटलानं बोलवावं, अंमलदारानं बोलवावं आणि माणसानं मजुरीशिवाय राबावं. ती मना असल्याचा हुकूम आमच्याच भिंतीवर उर्दूत चिकटवलेला होता. तो वाचता येणारे सगळे बेगार घेणारेच होते. तरीही अर्ज झाला की चौकशी व्हायची, आणि कुणाला घालवायचं असलं तर तेवढं पुरायचं. पेशकारसाहेबांना पेन्शनीला दोन वर्षं उरली होती. त्यांना मात्र काळजी वाटत नव्हती. त्यांना राग आला होता.

"म्या लोकांचा वेळ वाचवला," ते सारखं म्हणत होते. "कुणाकडनं एक काडी घेतली न्हाई. बेगार म्हंतेत त्याला?"

गुलबर्ग्याहून चौकशीचे अधिकारी आले. शांत, सुपारी खाणारे गृहस्थ होते. त्यांना मराठी येत नव्हती, म्हणून ते विचारणार, मी मराठीत सांगणार, आणि उत्तर उर्दूत लिहून घेणार, असं ठरलं. व्हरांड्यात बसलेल्यांतूनच साक्षीदार बोलावले. पहिले दोघं म्हणाले, आम्हाला काही ठाऊक न्हाई. दोर कशाशी खातात हेही त्यांना ठाऊक नसावं असा त्यांचा चेहरा होता. तिसरी खजुरीकडची एक म्हातारी होती. नवरा मेल्यावर दिरानं जमिनीवर आपलं नाव चढवलं, म्हणून ती दीड वर्ष खेटे घालत होती. पेशकारसाहेब तिला अव्वा म्हणत. तिचा दोर सगळ्यात पक्का असायचा.

"पेशकारांनी तुला कामाला लावलं?" मी अधिकाऱ्यांचा प्रश्न सांगितला.

"व्हय."

"मजुरी दिली?"

"मजुरी कशाची? न्हाई."

"मारलं? धमकावलं?"

"न्हाई बा! लई गोड बोलून देतेत."

"मग नको म्हणून का सांगितलं नाहीस?"

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "तुमी बी गमतीचंच दिसताव, साहेब. नंबर त्येंच्या हातात. नको म्हनून कोन सांगंल?"

मी लिहिता लिहिता थांबलो. पेशकारसाहेब भिंतीशी उभे होते. ते पुढं वाकून ऐकू लागले.

"दोर घरी का नेला नाहीस? तुझाच होता ना?"

"सरकारचा दोर घरात सापडला म्हंजे? एक खटला हाय त्योच निस्तरंना. चोरीचा आनखी कशाला?"

अधिकाऱ्यांनी सुपारी कातरायची थांबवली. म्हातारीला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. ती घाईघाईनं पेशकारसाहेबांची बाजू सावरायला लागली. "पन मानूस सोन्यासारखा हाय. खोटं कशाला बोलू? पाटलाकडं शेन काढायला लावतेत, ठान्यात पानी भरायला लावतेत. हितं आपलं सावलीत बसून काम. प्यायला पानी हाय. साऱ्या वेठीत ही वेठ बरी बगा."

मी ते उर्दूत सांगितलं. अधिकाऱ्यांना हसू आलं. ते कागद मिटणार तोच पेशकारसाहेब म्हणाले, "मला एक इचारायचंय." अधिकाऱ्यांनी मान हलवली.

"अव्वा, खरं सांग. म्या दोर दिला नसता तर तुजा वेळ वायाच चालला व्हता, न्हाई का?"

"म्या कुठं वाया घालवला, अप्पा?" म्हातारीला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "तुमी सांगितलं असतं, आज तुजा नंबर न्हाई, तर म्या घरला गेले असते. घरी मला मरायला फुरसत न्हाई." मग तिला काहीतरी सुचलं. तिनं मान तिरकी करून विचारलं, "आज कुनाचा नंबर लागनार न्हाई, हे तुमाला सकाळीच ठाऊक असतंय, व्हय?"

पेशकारसाहेब भिंतीपासून पुढं आले.

"असतंय," ते म्हणाले.

चौकशी संपली. जबरदस्ती नाही, साक्षीदारांची तक्रार नाही, अर्ज खोडसाळ आहे, असा शेरा पडला. तहसीलदारांनी पेशकारसाहेबांचा हात हातात घेऊन मुबारकबाद दिली. लोक पांगल्यावर साहेब माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी जबाब वाचून घेतला.

"माझं 'असतंय' लिवलं न्हाई तुमी."

"साहेब, ते चौकशीत येत नाही. तुम्ही सुटलात."

"लिवा," ते म्हणाले. मी लिहिलं नाही. त्यांच्या भल्यासाठीच लिहिलं नाही, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वाखाचा भारा गायब झाला. चौथ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी ते पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं यादी वाचली. आज इतक्या पेश्या होतील, ह्या ह्या लोकांच्या. बाकीच्यांचा नंबर आज नाही. अमक्यानं अमक्या वारी यावं, तमक्यानं तमक्या. घरला जावा.

कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं. तेव्हा माणसं उठली, आणि रस्ता ओलांडून समोरच्या चिंचेखाली जाऊन बसली. पेशकार आज आपल्याला घालवतोय, आणि मागं नाव पुकारून गैरहाजिरीत मिसल खारीज करणार, अशी त्यांची पक्की खात्री होती. दिराकडून पैसे खाल्ले असतील, सावकारानं फितवलं असेल. चपराशानं कचेरीत नुसता खाकरा काढला तरी चिंचेखालून चारजण धावत यायचे.

ही समजूत काढायला त्यांना दोन महिने लागले. ते रोज चिंचेखाली जायचे. एकेकाला नाव घेऊन सांगायचे. खुर्दाद महिना होता, म्हणजे एप्रिलचं ऊन. डोक्यावरची टोपी घामानं भिजायची. "तुजी मिसल खारीज झाली तर माझ्या दारात येऊन बस," ते म्हणायचे. "माझी जमीन लिवून देतो." अव्वा सगळ्यात आधी उठली. "ह्यो खोटं बोलत न्हाई," ती बाकीच्यांना म्हणाली. "त्या दिशी साहेबापुढं बी खरंच बोलला." ती गेली, सांगितलेल्या वारी आली, आणि तिचं नाव खरोखरच पुकारलं गेलं. मग हळूहळू बाकीचेही जाऊ लागले.

व्हरांडा रिकामा झाला. मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मला त्याची फरशी दिसली. तिथं कुत्री झोपायला लागली. चपराशी उदास झाला. त्याला ओरडायला कुणी उरलं नव्हतं आणि तंबाखू द्यायलाही. काम मात्र पूर्वीइतकंच होत होतं. उलट गोंगाट नसल्यामुळं मला नकला लवकर करता यायच्या, आणि त्या झाल्यावर मी खिडकीशी बसायचो. आता साहेब मला काही म्हणत नसत. इंग्रजीही बोलत नसत.

त्या पावसाळ्यानंतर अव्वल तालुकदार, म्हणजे आताचे कलेक्टर, दौऱ्यावर आले. मोटारीतून उतरून त्यांनी व्हरांड्याकडं बघितलं.

"क्या तहसीलदारसाब, ये कचेरी है के कबरस्तान? एक आदमी नै दिखता. काम नै तो इत्ता अमला कायकू?"

तहसीलदारांचा चेहरा उतरला. कचेरीपुढं माणसं बसलेली दिसली म्हणजे आत राज्य चालू आहे असं समजत. शेजारच्या तालुक्यात म्हणे शंभर माणूस बसतं. तालुकदारांच्या मोटारीची धूळ खाली बसायच्या आत आमच्या तहसीलदारांनी पेशकारसाहेबांना आत बोलावलं. तारखा देणं हे हाकिमाचं काम. पेशकारानं ते परस्पर केलं, हा गुन्हा. यात खोटं काही नव्हतं. तरी तहसीलदार दुष्ट नव्हते. त्यांनी मार्गही सांगितला. माफीनामा लिहून द्या, उद्यापासून लोकांना पूर्वीसारखं बसवा, आणि दीड वर्षानं सुखानं पेन्शन घ्या. हवं तर दोरही वळवा. त्याला आमची हरकत नव्हतीच.

दोन दिवसांची मुदत होती. आक्कांनी मला निरोप पाठवला, तुमचं ऐकतील, येऊन जावा. मी गेलो तेव्हा ते ओसरीवर फुटक्या सुपाला बांबूची पट्टी बांधत होते. मी तासभर बोललो. पेन्शन, म्हातारपण, आक्का, सगळं सांगितलं. एका यादीसाठी एवढं कशाला, असंही म्हणालो.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "तीस वर्षं ती यादी सकाळी माझ्या हातात असायची. म्या खुनी म्हणून दुसऱ्याकडं बोट दावायलो, अन् मुडदे माझ्याच दारात पडायलेत. आता ठाऊक झाल्यावर आनखी दीड वर्ष गप बसा म्हंताव?"

मी आत बघितलं. आक्का तूर पाखडत होत्या. त्या रडत होत्या, पण सूप थांबलं नव्हतं. "ऱ्हाऊ द्या, मुन्शीजी," त्या आतूनच म्हणाल्या. "इतकी वर्षं ह्यांनी मला बसू दिलं न्हाई. आता मी तरी ह्यांना कशाला बसा म्हनू?"

त्यांनी माफीनामा दिला नाही. महिन्याभरात बडतर्फीचा हुकूम आला. पेन्शन गेली. टोपी आणि शेरवानी घडी करून त्यांनी कचेरीत ठेवली, कुणा नव्या माणसाला होईल म्हणून, आणि दोघं मुलीच्या गावी शेतावर राहायला गेले. ज्या लोकांसाठी हे केलं त्यांतले पाच-सहाजण वेशीपर्यंत आले होते. बाकीच्यांना आपापली कामं होती.

त्यांच्या जागी मला नेमलं. मी सगळ्यात जुना नकलनवीस होतो, आणि माझं नुकतंच लग्न झालं होतं. तहसीलदारांनी फक्त एवढंच विचारलं, "आप तो समझदार हैं ना?" मी हो म्हणालो. पहिल्या सकाळी यादी घेऊन मी पायरीवर आलो. खाली अव्वा उभी होती. निकाल तिच्या बाजूनं लागला होता, पण नावाचा कागद अजून मिळायचा होता.

"आज व्हईल का, साहेब माजं काम?"

होणार नव्हतं. ते मला ठाऊक होतं. आत तहसीलदार कान देऊन बसले होते.

"बसा," मी म्हणालो. "बघू."

ती माझ्याकडं क्षणभर बघत राहिली आणि खांबाला टेकून बसली. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी थोडी कमी वाटली. पंधरा दिवसांत व्हरांडा भरला, आणि पुढच्या दौऱ्यात तालुकदारांनी तहसीलदारांची पाठ थोपटली.

दोन वर्षांनी मी कचेरीच्या कामानं आळंदला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. पेशकारसाहेब एका कट्ट्यावर तुरीचं पोतं विकायला बसले होते. डोक्याला पटका, पायांत जाड चपला. फारच वाळले होते. मला बघून लगबगीनं उठले. बायकोमुलांची चौकशी केली. त्यांनी तब्येतीचं, पेन्शनीचं, निजामाचं, कशाचंच नाव काढलं नाही. एकच विचारलं.

"सकाळी सांगायलाव न्हवं लोकांना? नंबर हाय का न्हाई ते?"

"सांगायलोय की, साहेब."

"घरला जातेत?"

"जातेत."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मग बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "झालं तर मग. नोकरीचं काय, ती गेलीच असती कवातरी." नको नको म्हणताना त्यांनी पोत्यात हात घालून माझ्या उपरण्यात दोन ओंजळी तूर बांधून दिली. निवडलेली होती.

मी निघालो. त्या दिवशी आमचे तहसीलदार परगावी होते आणि मी आळंदला, म्हणजे कुणाचीच पेशी होणार नव्हती. येताना मी चपराशाला सांगून आलो होतो, लोकांना बसवून ठेव.